काचेवरचा रंग उतरवताना

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काचेच्या भांड्यांचे एखादे खोके हमखास खाली येते. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत मिळालेले, संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह छापलेले पेले. कोणाच्या तरी लग्नात वाटलेले, वधूवरांची नावे आणि तारीख असलेले मग. संक्रांतीच्या वाणात आलेल्या फुलाफुलांच्या वाट्या. मुलांनी सुट्टीतल्या शिबिरात रंगवलेली बाटली. काच उत्तम असते. जाड, नितळ, टिचकी मारली तर छान नाद देणारी. नको असतो तो फक्त वरचा रंग. मग कोणी तारेची घासणी घेते, कोणी सुरी, कोणी संडास धुण्याचे ॲसिड. संध्याकाळपर्यंत रंग अर्धवट निघालेला असतो आणि काच मात्र कायमची धुरकट होऊन बसते. घासणी हातात घेण्याआधी वाचावी म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे.

तिचे सांगणे थोडक्यात असे. रंग निघणार की नाही हे हाताच्या जोरावर ठरत नाही. तो रंग काचेला कसा धरून बसला आहे, यावर ठरते. तेवढे कळले की कोणते औषध लावायचे, किती वेळ ठेवायचे आणि कुठे हात आवरायचा, हे आपोआप उलगडते. ते न पाहता सुरुवात केली की माणूस एकामागून एक अधिक जहाल उपाय करत जातो, आणि त्या जहालपणाचा मार रंगाऐवजी काचेला बसतो.

कापड रंगवणारे कच्चा रंग आणि पक्का रंग असा भेद करतात. काचेवरही तोच भेद करायचा आहे, फक्त इथे त्याचे कारण वेगळे आहे. कापूस, कागद, लाकूड यांच्या तंतूंत रंग मुरतो. काचेला छिद्रेच नाहीत, त्यामुळे मुरायला जागा नाही. ॲक्रिलिक असो, तैलरंग असो, छंदवर्गात वापरतात ते ग्लास कलर असोत, ते काचेच्या गुळगुळीत पाठीवर पसरतात, वाळतात आणि पापुद्र्यासारखे चिकटून राहतात. हा कच्चा रंग. तो कितीही घट्ट वाटला तरी रंग एक पदार्थ असतो आणि काच दुसरा. दोहोंमध्ये एक सीमा असते, आणि त्या सीमेत पाणी, स्पिरिट किंवा ब्लेडची धार शिरू शकते.

पक्का रंग हा मुळात काचच असतो. शिसे, बिस्मथ किंवा बोरॉन यांची संयुगे घालून लवकर वितळणारी काच तयार करतात, ती मैद्यासारखी बारीक दळतात, तिच्यात धातूंच्या संयुगांपासून बनवलेली रंगद्रव्ये मिसळतात आणि तेलकट माध्यमात कालवून पेल्यावर छापतात. मग पेला भट्टीत जातो. साधारण 560 ते 620 अंश सेल्सिअसला ही पूड वितळते आणि पेला मात्र आपला आकार राखून असतो. फरक थोडाच असतो. भट्टी जरा जास्त तापली तर पेलाही बसू लागतो. वितळलेली पूड पेल्याच्या पृष्ठाला ओला लेप बसावा तशी बिलगते आणि दोन्ही काचांचे घटक सीमेवर एकमेकांत शिरतात. थंड झाल्यावर तिथे दोन काचांचा सांधा तयार झालेला असतो. ब्लेड शिरेल अशी फट राहत नाही. स्पिरिटने, थिनरने किंवा ॲसिटोनने विरघळेल असे काहीही त्या थरात उरलेले नसते, कारण कालवताना घातलेले तेल भट्टीत केव्हाच जळून गेलेले असते.

हा सांधा किती टिकतो, याचे पुरावे संग्रहालयांत आहेत. काबूलच्या उत्तरेला बेग्राम येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी 1937 ते 1939 या काळात जे उत्खनन केले, त्यात रोमन जगातून आलेले रंगीत चित्रांचे काचपेले सापडले. त्यांवर लढणारे योद्धे आहेत, खजूर तोडणारी माणसे आहेत, आणि इतकी शतके मातीत काढूनही त्यांचे लाल-पिवळे रंग ओळखू येतात. तेराव्या-चौदाव्या शतकांत इजिप्त आणि सीरियातल्या मशिदींसाठी जे दिवे बनले, त्यांवरची निळी-सोनेरी अक्षरे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आजही झळकतात. याउलट, रोमन कारागिरांनी न भाजता रंगवलेल्या काचांवरचा रंग बहुतेक ठिकाणी झडून गेला आहे. तंत्र बदलले, पण भाजण्याचा हा नियम बदलला नाही. पतसंस्थेच्या पेल्यावरचे बोधचिन्ह भट्टीतून आलेले असेल, तर त्याचे नाते त्या मशिदींतल्या दिव्यांशी आहे.

याहून जवळचे उदाहरण शीतपेयाच्या जुन्या, परत घेतल्या जाणाऱ्या बाटलीचे. बाटलीवर नाव थेट भाजून छापण्याची पद्धत अमेरिकेत 1930च्या दशकात रूढ झाली आणि पुढे आपल्याकडच्या बाटल्यांवरही ती नावे आली. अशी बाटली दुकानातून परत गेली की कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणातून धुऊन निघते, पुन्हा भरते, पुन्हा परत येते. असे कितीतरी फेरे झाल्यावर तिच्या खांद्यावर आणि बुडाशी, जिथे ती शेजारच्या बाटल्यांवर घासते, तिथे पांढरट वळी उमटतात. अक्षरांची चकाकी जाते, रंग फिकट होतो, पण नाव वाचता येते. जो रंग कारखान्यातल्या गरम कॉस्टिकला दाद देत नाही, तो आपल्या मोरीतल्या बादलीत रात्रभर भिजत ठेवलेल्या साबणाच्या पाण्याने निघेल ही आशा सोडून द्यावी.

तेव्हा पहिले काम परीक्षेचे. पेला उजेडाकडे धरून रंगाच्या कडेवरून बोटाचे नख हलके फिरवावे. कच्च्या रंगाच्या कडेला नख अडकते आणि रंग थोडा मऊ, प्लॅस्टिकसारखा लागतो. पक्क्या रंगाचा उंचवटा लागला तरी तो काचेसारखा कडक आणि थंड असतो. मग बुडाजवळच्या, सहसा न दिसणाऱ्या जागी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर दाबून ठेवावा. कापसावर रंग उतरला की प्रश्न मिटला. न उतरल्यास त्याच जागी ॲसिटोन लावून पाहावे. त्यानेही काही झाले नाही, तर ती जागा ओली करून नव्या ब्लेडचे टोक रंगाच्या कडेखाली सरकवून पाहावे. पापुद्रा सुटला तर रंग कच्चा. ब्लेड नुसते वरून घसरले आणि रंगावर धातूची करडी रेघ उमटली, तर तो पक्का. ही करडी रेघ महत्त्वाची खूण आहे. रंग ब्लेडपेक्षा कडक आहे आणि ब्लेडच त्यावर झिजते आहे, असा तिचा अर्थ.

दोन नक्ष्या या परीक्षेत फसवतात. पहिली दुधी, खरखरीत नक्षी. ती वाळूचा मारा करून किंवा आम्लाने काच खाऊन केलेली असते. तिथे काढण्यासारखा रंगच नाही, काचच कमी झालेली आहे. दुसरी चांदीच्या क्षारांनी दिलेली पिवळी-केशरी झाक. युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांसाठी ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. चांदीचे कण भट्टीत थेट काचेच्या अंगात शिरतात, आणि तेवढी काच घासून काढल्याशिवाय ती झाक जात नाही.

कच्चा रंग काढणे हे धीराचे काम आहे, आणि त्यात मला मनापासून आनंद मिळतो. सुरुवात नेहमी सौम्य उपायाने करावी. सोसवेल इतके गरम पाणी, त्यात भांडी घासण्याचा द्रव साबण, आणि काही तास. पाण्यात मिसळणाऱ्या रंगांनी रंगवलेली बाटली यानेच सुटते. थर फुगतो, कडेने उचलला जातो आणि पुष्कळदा अखंड कातडीसारखा निघून येतो. एक पथ्य मात्र पाळावे. थंड पेल्यावर एकदम उकळते पाणी ओतू नये. नेहमीच्या सोडा-चुना काचेचे प्रसरण प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट असते, आणि जाड बुडाचा पेला अशा वेळी तळाशी तडकतो.

तैलरंग आणि एनॅमल पेंट पाण्याला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी धुण्याचा सोडा. वाळणाऱ्या तेलांपासून बनलेल्या रंगाचा थर म्हणजे तेलाच्या रेणूंचे एकमेकांत गुंतलेले जाळे असते. गरम पाण्यातला सोडा ते जाळे हळूहळू तोडून त्याचा साबण करतो. साबण घरी बनवतात त्याच्यामागेही हीच क्रिया आहे. म्हणून रात्रभर भिजलेला तैलरंग सकाळी बुळबुळीत होऊन लाकडी उलथण्याच्या कडेने निघतो. कॉस्टिक सोडा हेच काम फार झपाट्याने करतो, पण तो कातडीचे आणि डोळ्यांचेही तेच करतो, आणि गरम, तीव्र द्रावणात जास्त वेळ राहिली तर काचही निस्तेज होते. घरात त्याची गरज नाही असे माझे ठाम मत आहे.

छंदवर्गातले ग्लास कलर दोन जातींचे मिळतात, पाण्यात मिसळणारे आणि थिनरमध्ये मिसळणारे. दुसऱ्या जातीला ॲसिटोन लागते, म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात तेच. बहुतेकांची तक्रार अशी असते की ॲसिटोनने काही होत नाही. होत नाही, कारण ते काम करण्याआधीच उडून जाते; त्याचा उत्कलनबिंदू अवघा 56 अंश आहे. कापसाची जाड घडी त्यात भिजवून रंगावर बसवावी, वरून पॉलिथिनची पिशवी गुंडाळून रबरबँड लावावा आणि पंधरा-वीस मिनिटे हात लावू नये. पॉलिथिनला ॲसिटोन काही करत नाही; थर्मोकोल मात्र त्यात विरघळून जाते, म्हणून ते जवळ नसावे. घडी उचलली की रंग बहुधा तिच्याबरोबर येतो. राहिलेल्या रंगाला दुसरी घडी लावावी, त्याच घडीने चोळत बसू नये, नाहीतर विरघळलेला रंग पुन्हा काचभर पसरतो.

ॲसिटोनबद्दल एक गोष्ट मी ठळकपणे सांगते. त्याची वाफ उणे 20 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत दूरवर सरकत जाते. स्वयंपाकघरात ओट्यावर हे काम करू नये. गॅसची शेगडी, देवघरातले निरांजन, उदबत्ती, यांतले काहीही त्या खोलीत पेटलेले नसावे. गच्ची किंवा उघडी गॅलरी उत्तम.

कच्चा आणि पक्का यांच्यामध्ये एक जात आहे आणि अलीकडे तीच जास्त भेटते. नावे आणि फोटो छापून देणाऱ्या दुकानांतल्या मगवरची शाई. ती अतिनील प्रकाशाने किंवा दीडशे-दोनशे अंशांच्या उष्णतेने कडक केलेले राळेसारखे प्लॅस्टिक असते, आणि काचेला नीट धरावी म्हणून आधी काचेवर पकड देणारा पातळ लेपही लावलेला असतो. रसायनाच्या दृष्टीने ती कच्चीच, पण हट्टी. एकदा ॲसिटोनची घडी, मग गरम साबणाचे पाणी, मग ओले ब्लेड, पुन्हा घडी, अशा पाळ्या कराव्या लागतात. इथे माणसे पेंट रिमूव्हरच्या डब्याकडे वळतात. डब्यावरची घटकांची यादी वाचावी. त्यात डायक्लोरोमिथेन किंवा मिथिलीन क्लोराइड असेल तर तो डबा परत ठेवावा. हा द्रव श्वासातून शरीरात गेला की तिथे त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद न्हाणीघरात त्याने काम करताना माणसे दगावली आहेत, आणि अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती ग्राहकांना असे पेंट रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली. एका मगसाठी हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

ब्लेड वापरावे, पण त्याची रीत आहे. काच आणि ब्लेड दोन्ही साबणाच्या पाण्याने ओली हवीत. ब्लेड नवे हवे, काचेला जवळजवळ लागून तिरपे धरलेले, आणि ते एकाच दिशेने, पुढे ढकलायचे. मागे ओढताना रंगाचा सुटलेला कण धारेखाली सापडतो आणि तो चरा पाडतो. ब्लेडचा कोपरा काचेत रुतू देऊ नये.

चऱ्याची एवढी धास्ती का, हे सांगायला हवे. सुंदरता जाते हे तर आहेच. पण ब्रिटिश अभियंता ॲलन ग्रिफिथ याने 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले की काच तिच्या अंगच्या ताकदीच्या मानाने फार लवकर फुटते, आणि याला कारण असतात तिच्यातल्या बारीक भेगा. ताण आला की तो सगळा भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग धावू लागते. रंग काढताना पाडलेला प्रत्येक चरा ही अशी तयार भेग असते. पेला दिसायला स्वच्छ होतो, आणि एखाद्या दिवशी चहा ओतताच त्या चऱ्यावरून उभा तडकतो. कडक केलेल्या, म्हणजे टफन्ड काचेत तर धोका अधिक. तिच्या पृष्ठावर दाब आणि पोटात ताण मुद्दाम कोंडलेला असतो. घर्षण खोलवर गेले तर सबंध भांड्याच्या ठिकऱ्या उडतात.

म्हणून घासायला काय घेतो, हे पाहावे. कठीणपणा मोजण्याच्या मोह्सच्या श्रेणीत काच साधारण साडेपाचला येते. खाण्याचा सोडा अडीचच्या जवळपास, त्यामुळे त्याची पेस्ट काचेला इजा करत नाही. वाळूतले क्वार्ट्झ सातला येते आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड नऊला. पॉलिशपेपरमध्ये आणि अनेक हिरव्या घासण्यांत असेच कठीण कण बसवलेले असतात. पितळेच्या भांड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली राख आणि विटेची पूड काचेला वर्ज्य मानावी, कारण त्यांत वाळूचे कण असतात. काथ्या, सुती फडके, नायलॉनचा जुना टूथब्रश एवढी सामग्री पुरे.

आता पक्का रंग. तो खरोखर काढायचा तर तो वितळलेला काचेचा थर काढावा लागतो, आणि काच काढण्याचे मार्ग दोनच आहेत, आम्ल किंवा घर्षण.

आम्लांबद्दल फार गैरसमज आहे. संडासासाठी मिळणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड पेल्याच्या काचेला फारसे काही करत नाही, पण शिशाच्या रंगाला कुरतडते. त्यातले शिसे विरघळून बाहेर येते आणि रंगाच्या जागी खडूसारखा भुरकट, खडबडीत थर राहतो. म्हणजे रंग जात नाहीच, उलट जे काचेत बंद होते ते विष मोकळे होते. त्यात ब्लीचिंगचे द्रावण ओतले तर क्लोरीन वायू उठतो, तो वेगळाच. काच खरोखर विरघळवणारे आम्ल म्हणजे हायड्रोफ्लुओरिक, आणि कारखान्यांत पक्की नक्षी उतरवायला ते वापरतातही. ते घरी आणू नये. सौम्य द्रावण कातडीवर पडले तर सुरुवातीला दुखतही नाही; ते आत झिरपते, रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते आणि हृदय बंद पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ज्या कारखान्यांत ते असते तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी ठेवलेले असते. गंज काढण्याच्या काही औषधांत हे आम्ल थोड्या प्रमाणात असते, म्हणून अशी बाटली काचेसाठी उचलण्याआधी तिचे लेबल वाचावे.

घर्षणाचा मार्ग म्हणजे सेरियम ऑक्साइड. चष्म्याच्या आणि दुर्बिणींच्या भिंगांना चकाकी देणारी ही गुलाबी-पिवळसर पूड काच नुसती खरवडत नाही; पाण्याच्या सान्निध्यात ती काचेच्या पृष्ठाशी रासायनिक क्रियाही करते, म्हणून तिच्या हाताखालून काच नितळ निघते. नमद्याचे चाक, पाण्यात कालवलेली पूड, हलका दाब, आणि काच तापू नये म्हणून सतत पाणी. एखादे लहान अक्षर असे घालवता येते. मोठे बोधचिन्ह घालवायला गेले तर तिथे काच दबते आणि पेल्यातून पाहिले की पलीकडचे सगळे लाटेसारखे हलते. माझा सल्ला विचाराल तर पक्का रंग ज्याच्या त्याच्या जागी राहू द्यावा.

सोनेरी काठ मात्र याला सुखद अपवाद आहे. तो भाजलेला असतो, पण 1830च्या सुमारास जर्मनीतल्या माइसेन येथे शोधलेल्या द्रवरूप सोन्यापासून येणारा हा थर एक सहस्रांश मिलिमीटरच्याही बऱ्याच आत, साधारण त्याच्या दहाव्या भागाइतका पातळ असतो. इतक्या पातळ थराला कडकपणा कितीसा असणार? शाई खोडायचा खरखरीत रबर किंवा सेरियमची पेस्ट लावलेले फडके धीराने फिरवले की तो निघतो. खाली क्वचित जांभळट सावली राहते.

रंग काढावा का, याला सुंदरतेपलीकडचे एक कारण आहे, आणि ते मी हलक्याने घेत नाही. पक्क्या रंगाला कमी तापमानाला वितळवायला शिसे लागायचे, आणि लाल-नारिंगी-पिवळ्या छटांसाठी कॅडमियम. अमेरिकेत जून 2010 मध्ये मॅकडोनाल्ड्सने श्रेक चित्रपटाची चित्रे असलेले सुमारे 1 कोटी 20 लाख पेले परत मागवले, कारण त्यांच्या रंगांत कॅडमियम आढळले होते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नवी आणि जुनी 72 काचभांडी तपासली. 197 चाचण्यांपैकी 139 मध्ये शिसे आणि 134 मध्ये कॅडमियम मिळाले. भाजलेल्या थरात ही विषे बरीचशी जखडलेली असतात. त्यांना सोडवते ते आंबट. भांड्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 4 टक्के ॲसिटिक आम्ल 24 तास ठेवतात, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच. आणि पेल्याच्या काठापासून 20 मिलिमीटरच्या पट्ट्याची वेगळी तपासणी करतात, कारण ओठ तिथे लागतात.

आपल्या स्वयंपाकघरात आंबटाला तोटा नाही. कोकम सरबत, पन्हे, ताक, लिंबूपाणी, चिंचेचा कोळ, आणि महिनोन्‌महिने मुरणारे लोणचे. तेव्हा नियम साधा ठेवावा. आतून रंगवलेल्या कोणत्याही भांड्यात खाण्यापिण्याचे काही ठेवू नये. काठापर्यंत नक्षी आलेला, रंग भुरा पडू लागलेला जुना पेला पिण्यातून काढावा, लहान मुलांच्या हातून तर लगेच. त्यात पेन ठेवावेत किंवा मनीप्लांटची कांडी लावावी. काठाखाली दोन बोटे कोरी काच असेल, नक्षी फक्त बाहेरून असेल आणि रंग चकचकीत असेल, तर त्यातून पाणी पिण्याला माझी हरकत नाही. आणि असा रंग खरवडायचाच असेल तर कोरडा कधीही खरवडू नये. शिशाची धूळ पेल्यावरच्या रंगापेक्षा कितीतरी घातक असते. पाण्याखाली काम करावे, हातमोजे घालावेत, गाळ फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाकावा, मोरीत सोडू नये.

एक विनंतीही करायची आहे. जुन्या बाजारात किंवा वाड्याच्या माळ्यावर मिळालेली प्रत्येक रंगीत काच स्वच्छ करायची नसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनकडून सागरी व्यापाराबरोबर काचेच्या पाठीमागून चित्र काढण्याची कला पश्चिम भारतात आली आणि इथल्या चित्रकारांनी ती आपली केली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे पाहायला मिळतात. त्यात चित्रकार उलट क्रमाने जातो. आधी डोळ्यांतला ठिपका, दागिन्यांचे मोती, मग चेहरा, वस्त्र, आणि शेवटी पार्श्वभूमी. हे सगळे रंग कच्चे. पाठीमागची काळवंडलेली बाजू कोणी ओल्या फडक्याने पुसली, तर आधी पार्श्वभूमी जाते आणि दुसऱ्या हाताला चेहरा. अशी काच आली तर समोरची बाजूही फक्त कोरड्या मऊ फडक्याने टिपावी आणि ती जाणकाराकडे न्यावी.

कारखान्यांच्या खुणांबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. घरोघरी एकेक पैसा गोळा करण्याच्या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसा फंड उभा राहिला आणि 1908 मध्ये त्याचा काच कारखाना तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी 1916 मध्ये काढलेल्या कारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचला, आणि त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले. अशा कारखान्याचे नाव असलेली काच हाती आली, तर ते नाव घासून टाकू नये. काच नंतरही मिळेल; ते नाव असलेली काच आता कोणी बनवत नाही.

पुस्तिकेतले पहिले प्रकरण परीक्षेचे आहे, दुसरे कच्च्या रंगांचे, तिसरे छापील शाईचे, चौथे सोनेरी काठाचे आणि पाचवे काम झाल्यावर भांडे वापरात घेण्याआधी काय करायचे याचे. पहिले वाचल्याशिवाय पुढचे उघडू नये. ज्यांच्या पेल्यावर ब्लेडची करडी रेघ उमटली, त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्याकडे न वळता थेट पाचव्याच्या शेवटच्या भागाकडे जावे. पक्की नक्षी असलेली भांडी कुठे वापरावीत आणि कुठे नकोत, ते तिथे भांड्यागणिक दिले आहे.